गाण्याखाली दिलेला नंबर

मित्रांनो, मी एक जुना, शेंदरी रंगाचा टेलिफोन आहे. मखमलाबादच्या एका घरात, माळ्यावर, खताच्या रिकाम्या गोण्यांशेजारी पडून आहे. माझी वायर कापलेली आहे. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं, आज थोडं माझं ऐका.

चार वर्षं नंबर लावून ठेवल्यावर, १९९६ साली मी पुंजारामांच्या घरी आलो. झेंडू पिकवून नाशिकच्या बाजारात धाडणारं हे घर. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू वाहिलं. त्यांच्या पत्नी नवसाबाईंनी माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. दसऱ्याच्या आधी तर मला उसंत नसायची. "पुंजारामभाऊ, किती क्रेट येतील?" सारखं तेच.

त्यांची छोटी लेक दीपमाला मात्र मला वेगळ्याच कामाला लावायची. रिसीव्हर उचलायची, आतला तो एकसुरी 'गूं' आवाज कानाला लावायची आणि त्या सुरात गायची. मी तिचा तंबोरा होतो! असा मान कुठल्या टेलिफोनला मिळाला असेल?

२००७ साली ती कॉलेजात होती. नाशिक रोडला राहणाऱ्या गौरांग नावाच्या वर्गमित्राने भावाचा हँडीकॅम आणला आणि झेंडूच्या वावरात तिचं गाणं चित्रित केलं. शब्द तिचे, चालही तिचीच. ते इंटरनेटवर टाकायचं ठरलं. आता आमच्याकडे लग्नपत्रिका असो की कुस्त्यांचं पत्रक, खाली नाव, गाव आणि फोन नंबर हवाच. त्याशिवाय ते खरं वाटत नाही.

"गाण्याच्या शेवटी चित्रावरच लिहू, आपला अभिप्राय जरूर कळवा," माझ्यासमोर बसून गौरांग म्हणाला. "नंबर कुणाचा देऊ?"

"आमचाच दे की. दुपारी दोननंतर मी घरीच असते."

त्याने तेही लिहिलं. दीपमाला पुंजाराम, मु. पो. मखमलाबाद, वेळ दुपारी दोननंतर. पोरीचं नाव, गाव आणि घरी असण्याची वेळ! एवढं तर आपण दारावर आलेल्या भांडीवालीलाही सांगत नाही. पण तेव्हा कुणाला खटकलं नाही. मीही आतून फुललो होतो, खोटं कशाला बोलू?

पहिला फोन सटाण्याहून आला. एक बाई म्हणाल्या, "पोरी, लय गोड गळा शे तुना." दीपमाला दिवसभर तरंगत होती.

पाचव्या दिवशी चार-पाच मुलांचं खिदळणं ऐकू आलं. "ए झेंडू, फोनवर म्हण ना गाणं!" मग रोज. पुढचे शब्द मी तुम्हाला सांगणार नाही. ते माझ्यातून गेले, याचीच मला किळस येते. मला कान होते, तोंड होतं, पण नको ते अडवायला हात नव्हते.

दीपमालाने गौरांगला फोन लावला. "तो नंबर काढ ना रे."

"अगं, काढायचा तर सगळं पुन्हा टाकावं लागेल. तीन हजार लोकांनी पाहिलंय! आकडा शून्यावर येईल. थोडं दुर्लक्ष कर ना."

तिने रिसीव्हर ठेवला.

एकदा फोन पुंजारामांनी उचलला. ऐकलं आणि ठेवून दिला. त्याच संध्याकाळी चुलतभाऊ भिकन ओट्यावर येऊन म्हणाला, "काय दादा, पोरगी हिरॉईन झाली म्हनं! आता फुलं कशाला इकतो?"

दुसऱ्या दिवशी मला लाकडी पेटीत बसवून कुलूप घातलं. कुलपाने घरातून जाणारे फोन थांबतात, येणारे नाहीत. घंटा वाजतच राहिली. आणि दीपमालाचं कॉलेज बंद झालं.

"आवो, तिनं काय केलं?" नवसाबाई म्हणाल्या.

"गायली," पुंजाराम म्हणाले.

महिन्याभराने एकदा घंटा वाजली तेव्हा पुंजारामांनी कुलूप काढून रिसीव्हर उचलला. आवाज वयस्क, शांत होता. "मी सरोजिनी. पंचवटीत गाणं शिकवते. दीपमालाचं गाणं ऐकलं. तिला माझ्याकडे पाठवाल का? फी नको. असा आवाज वाया जाऊ नये."

मित्रांनो, मी तो एकेक शब्द जिवापाड जपून पुंजारामांच्या कानात ओतला. दीपमाला दारात माळ ओवत बसली होती. तिने मान वर केली.

"इथं दीपमाला नावाचं कुनी राहत नाय," पुंजाराम म्हणाले.

तिने मान खाली घातली आणि पुढचं फूल ओवलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. घरात ती पुन्हा गायलेली मी ऐकली नाही. २००९ साली मोबाइल आला तेव्हा पुंजाराम टेलिफोन ऑफिसात गेले, एक अर्ज दिला आणि माझी लाइन बंद करून आले. सगळं अर्ध्या तासात झालं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आपलं गाणं जगाला खुशाल द्या, घराचा पत्ता देऊ नका. अभिप्राय देताना समोर कुणाची तरी लेक ऐकते आहे, हे विसरू नका. आणि जे मोठे आहेत, त्यांना मला एवढंच विचारायचं आहे. नंबर बदलायलाही तसाच एक अर्ज लागत होता. त्या ऑफिसात तुम्ही दोन वर्षं आधी का गेला नाहीत?