इसाराची झोळी

नवे पैसे निघाले त्या सालची गोष्ट. फुलसावंगीजवळच्या तांड्यातल्या धनीबाईने पोटातल्या पोरांसाठी इसार घ्यायला सुरुवात केली आणि गावाला हसायला कारण मिळालं. "बाजारात तुरी आन् भट भटणीले मारी!" असं बाया दिवसा म्हणायच्या, आणि दिवेलागणीला पदराखाली ज्वारी घेऊन तिच्याच दारात उभ्या राहायच्या.

करणार काय? सदाशिवरावांच्या शेतात कापूस वेचायची मजुरी वजनावर. कडेवर पोर असलं की कमरेची कापसाची ओटी भरत नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एकच कडुनिंब. त्याच्या फांद्यांना झोळ्या बांधून धनीबाई दिवसभर लेकरं सांभाळायची. तांड्यातले तिला याडी म्हणत, म्हणजे आई. गावच्या बायांनीही तेच उचललं. पण फांद्या मोजक्या आणि लेकरं उदंड. म्हणून जी गरोदर बाई आधी इसाराची ज्वारी देईल, तिच्या लुगड्याची चिंधी फांदीला बांधायची. मग वेचणीच्या दिवसांत ती फांदी तिच्याच लेकराची.

धनीबाईला यात काही वावगं वाटत नव्हतं. तिचा बाप बैलांवर मीठ वाहणारा. इसार घेतला की बैलाची पाठ त्या माणसाची, असं तो म्हणे. माल आला नाही तर बैल रिकाम्या गोणीनिशी चालायचा, पण दुसऱ्याचं ओझं त्याच्यावर चढायचं नाही. लेकीने बापाचा तो हट्ट पुरेपूर उचलला होता.

त्या साली सगळ्यांत आधी आली बाबारावची कौसल्या. लग्नाला किती वर्षं झाली तेव्हा कुठे दिवस गेलेले. आषाढातच येऊन तिने हिरव्या लुगड्याची चिंधी आपल्या हाताने बांधली.

"याडी, ह्या फांदीले ऊन लागत नाही. दुसऱ्या कोणाले देजो नोको."

"इसार घेतला ना म्या. तुह्या लेकराचीच हे जागा," धनीबाई म्हणाली.

लेकरू भादव्यात झालं. ते रडलंच नाही. बाबारावने त्याला धोतराच्या फडक्यात गुंडाळून नाल्याकाठी पुरलं.

वेचणी सुरू झाली. कौसल्या घराबाहेर पडली नाही. धनीबाईने मात्र हिरव्या चिंधीखाली झोळी बांधली आणि रिकामीच ठेवली. इसार परत दिल्याशिवाय जागा मोकळी होत नाही, असं ती बायांना सांगायची. खरं तर कौसल्याची ज्वारी केव्हाच भाकरी होऊन पोटात गेली होती, आणि दुसरी घेऊन त्या दारात जायची तिची छाती होत नव्हती.

मग ती झोळी हलायला लागली. वारा पडलेला, बाकीच्या झोळ्या निवांत, आणि ही एकटीच डुलतेय. रिकामा पाळणा हलवू नये हे शेंबडं पोरही सांगेल. पण आपणहून हलणाऱ्याला कोण काय सांगणार? धनीबाई जाऊन दोरी धरायची. पाठ फिरली की झोळी पुन्हा सुरू. एकदा तिने दोरी धरली तेव्हा हाताला ओझं लागलं. लेकराएवढं. आत पाहिलं तर नुसतं कापड. आपल्या शब्दापायी ते पोर इथं अडकून पडलंय, असं तिच्या मनाने घेतलं.

अशात लीलाबाई कामाला आली. तिची तान्ही पोरगी धुऱ्यावर फडक्यावर निजायची. तिच्या कानाला लाल मुंग्या डसल्या, तशी लीलाबाई कडाडली, "थे झोळी कायले रिकामी ठेवून राह्यली, याडी? माही पोर काय मातीत मारतं?"

त्याच संध्याकाळी धनीबाई ज्वारी घेऊन कौसल्याच्या दारात गेली. "तुहा इसार घे, पोरी. त्याले मोकळं कर."

कौसल्याने ज्वारीकडे पाहिलंसुद्धा नाही. "इसार परत घेतला तं माहं लेकरू कुठं निजन?"

धनीबाई ज्वारी घेऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी लीलाबाईची पोरगी रडून रडून निळी पडली. धनीबाईला ते बघवेना. मेलेल्याला दिलेला शब्द पाळायला जित्याला मुंग्यांपुढे टाकायचं, हे बापानेही केलं नसतं. "माफ कर रे राजा," म्हणत तिने पोरीला त्या झोळीत निजवलं.

पोरगी लगेच शांत झाली. पण घटकाभराने धनीबाईने डोकावलं तर ती एका कडेला. झोळीत लेकरू घरंगळून मध्ये येतं, कडेला टिकतच नाही. तिने पोरीला मध्ये घेतलं. ती पुन्हा कडेला सरकली. तिच्या शेजारी कापड खाली दबलेलं होतं.

मान वर करते तो धुऱ्यावरून कौसल्या येत होती. धनीबाईने झोळीची दोरी धरली.

"पोरी, चुकलं माहं. म्या शब्द मोडला."

कौसल्या झोळीत वाकली. मग त्या दबलेल्या कापडावर तिने अलगद पदर पसरला.

"बरं केलं याडी," ती म्हणाली, "एकटं भेत होतं थे."

तिने धनीबाईच्या हातातून दोरी घेतली.

"तू जाय, भाकर खाऊन घे. मी पाह्यतो दोघायले."