मुलींच्या लॉरीचे पाटे

जामबागेतल्या मुलींच्या शाळेची लॉरी बारा वर्षांची झाली होती. त्यातली पहिली सात वर्षं तिने धान्याची पोती वाहिली. मग शाळेने ती जुनी विकत घेतली, आत दोन्ही बाजूंना बाकं ठोकली, हिरवे पडदे लावले आणि मुलींना आणण्यापोचवण्याच्या कामाला लावली. हिमायतनगर, नारायणगुडा असा फेरा घेत ती रोज सकाळी तीस मुली शाळेत आणायची.

त्या वर्षी श्रावणात तिचा मागचा पाटा मोडला. पाटा म्हणजे एकीवर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची जुडी. खालची पट्टी आखूड, वरची लांब, सगळ्या कमानीसारख्या वाकवलेल्या. लॉरीचं सगळं वजन आणि रस्त्याचे सगळे धक्के तीच सोसते. ती मोडल्यावर लॉरी एका अंगाला कलली आणि खड्ड्याखड्ड्याला बाकांखालून दणके बसू लागले. दुसऱ्या बाजूचा पाटाही केव्हाच सपाट होऊन गेला होता. मुली एकमेकींवर आपटायच्या, हसायच्या आणि विसरून जायच्या. सरोज मात्र हसत नसे. मणक्याच्या दुखण्याने ती दीड वर्ष प्लास्टरमध्ये पडून होती, आणि नुकतीच कुठे शाळेत येऊ लागली होती. तीन दिवस ती ओठ दाबून आली. चौथ्या दिवशी तिच्या आईचा निरोप आला : पोरीला हादरे सोसत नाहीत, तिचं नाव काढून टाका.

निरोप प्रमिलाबाईंच्या हातात पडला. गणित आणि पदार्थविज्ञान त्या शिकवायच्या, आणि लॉरीची देखरेखही त्यांच्याकडेच होती. सरोज प्लास्टरमध्ये असताना आठवड्यातून दोनदा तिच्या घरी जाऊन त्यांनी तिला भूमिती शिकवली होती. छताकडे बघत बघत ती पोरगी मनात त्रिकोण जुळवायची आणि सिद्धता तोंडी सांगायची. असं डोकं त्यांना आठ वर्षांत दुसरं भेटलं नव्हतं. निरोपाची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली आणि मधल्या सुट्टीत शाळेचे चिटणीस किशनराव वकील यांना गाठलं.

"पाटे घ्याच ना," किशनराव म्हणाले. "चारही घ्या. पण बाजारात जुने पाटे ठोकून पुन्हा वाकवून विकतात, ते घ्या. सिकंदराबादेत विलायती मिळतात, पण त्यांची किंमत दुप्पट. लॉरीच मुळात पुरानी, अजून किती चालणार आहे ती? तिला नवे विलायती पाटे कशाला?"

बोलणं वावगं नव्हतं. प्रमिलाबाईंनाही तसंच वाटत होतं. फक्त घेण्याआधी कोणा जाणकाराला दाखवावेत, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं.

लॉरीचा ड्रायव्हर मल्लय्या दोन्ही प्रकारचा एकेक पाटा घेऊन आला. विलायती पाटा दुकानदाराने ओळखीवर दाखवायला दिला होता. मग मल्लय्या बाईंना अफझलगंजच्या पलीकडे वीराचारी नावाच्या लोहाराकडे घेऊन गेला. वीराचारीचा बाप अमीर-उमरावांच्या बग्ग्यांच्या कमानी घडवायचा. बग्ग्या गेल्या, मोटारी आल्या, तशी वीराचारीने मोटारींची कामं धरली. वय सत्तरीच्या आसपास, कमरेला चामड्याचा तुकडा, भुवया जळून गेलेल्या. घरी तेलुगू बोलणारा हा म्हातारा बाईंशी दखनीत बोलला, आणि तेही थोडंच.

त्याने आधी बाजारातला पाटा घेतला. काळा रंग दिल्याने तो नवाच दिसत होता. भिंतीशी एक लाकडी चौकट होती, तिच्या माथ्यावर मोठा मळसूत्राचा खांब. म्हाताऱ्याने पाटा चौकटीत बसवला, कमानीचा उंचवटा जिथे पोचत होता तिथे मागच्या फळीवर खडूने रेघ ओढली आणि मळसूत्र आवळत नेलं. कमान दबत दबत जवळजवळ सपाट झाली. मग त्याने मळसूत्र सैल केलं. कमान वर आली, पण खडूच्या रेघेखाली दोन बोटं येऊन थांबली.

"इसमें जान नै रही, अम्मा," वीराचारी म्हणाला. "थंडा ठोक के टेढा किये."

मग त्याने विलायती पाटा लावला. नवी रेघ ओढली, मळसूत्र आवळलं. या वेळी मल्लय्याला हात लावावा लागला, दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या. पाटा पार सपाट झाला. सैल करताच तो आवाज न करता वर आला आणि नेमका रेघेवर टेकला. वीराचारीने तो पुन्हा दाबला. पुन्हा रेघेवर. पाच वेळा त्याने तसं केलं.

प्रमिलाबाई पदर सावरून चौकटीपाशी वाकल्या. खडूची रेघ आणि पोलादाची कड यांच्यात केस मावेल एवढीही फट नव्हती. आठ वर्षं त्या फळ्यावर लिहीत आल्या होत्या : दाब काढून घेतला की स्थितिस्थापक वस्तू मूळ आकाराला येते. मुली ते वाक्य उतरवून घेत. परीक्षेत त्याला दोन गुण असत. पण तळहाताएवढ्या रुंद पोलादाला आपली जागा अशी आठवत असेल, हे त्यांना आज कळलं. त्यांच्या अंगावर काटा आला.

"हेच घेऊ," त्या म्हणाल्या.

"नक्को," वीराचारी म्हणाला.

म्हाताऱ्याने विचारलं, लॉरीत किती बच्च्या बसतात, किती वयाच्या? बाईंनी मनातल्या मनात हिशोब केला. तीस मुली मिळून एक टन भरला तरी पुष्कळ. वीराचारीने विलायती पाट्यावर हात ठेवला. ही कमान तीन टनाची, तो म्हणाला. पोत्यांसाठी बनवलेली. हलक्या पोरी बसल्या तर ती दबणारच नाही. रस्त्याचा धक्का जसाच्या तसा वर देईल. मोडक्या पाट्यापेक्षा जास्त उडवेल.

"मग काय करायचं?"

त्याने पट्ट्या मोजल्या. अकरा होत्या. मधल्या तीन त्याने बोटाने वेगळ्या दाखवल्या. विलायती पाट्यांची एकच जोडी घ्या, मागच्या चाकांसाठी. प्रत्येकातून मी या तीन काढतो, म्हणजे कमान नरम होईल. काढलेल्या सहा पट्ट्या वाकवून, पाणी देऊन कडक करून पुढच्या पाट्यांतल्या दमलेल्या पट्ट्यांच्या जागी घालतो. पुढे वेगळं काही घ्यायला नको.

त्या संध्याकाळी प्रमिलाबाईंनी किशनरावांना सगळं सांगितलं. चार बाजारी पाट्यांच्या मानाने खर्च थोडाच जास्त येत होता. पण किशनरावांचं मन घेईना.

"विलायती कारखान्याने केलेली जुडी एक लोहार सोडवणार, आणि त्यात मुली बसवायच्या? त्याला कमी-जास्तीचं काय कळतं?"

"मी शिकवते ते त्याला येतं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तो करतो ते मला येत नाही."

किशनरावांनी खर्चाचा आकडा वहीत मांडला. मग म्हणाले, "घ्या तर मग. पण काही झालं तर पालकांपुढे तुम्ही उभं राहायचं."

"राहीन," बाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर त्या पुन्हा अफझलगंजला गेल्या. वीराचारीने पट्ट्या तापवून पुढच्या पाट्यांच्या कमानीला बसतील अशा वाकवल्या होत्या. आता त्यांना पाणी द्यायचं होतं, पण पाण्यात नव्हे, तेलात. एकेक पट्टी तो भट्टीत पिकल्या बोराएवढी लाल करी आणि तेलाच्या हौदात बुडवी. आग फुत्कारून उठे, धूर छपराला लागे. अशी पट्टी काचेसारखी कडक होते, मल्लय्याने सांगितलं, पडली तर तुटेल. तिला पुन्हा हळूहळू तापवून नरम करायचं, ती खरी विद्या.

वीराचारीने दार लावून घेतलं, खिडकीवर गोणपाट ओढलं. भर दुपारी आत काळोख झाला. एका पट्टीची एक बाजू दगडाने घासून त्याने चकचकीत केली आणि ती निखाऱ्यांवर मागेपुढे फिरवू लागला. बराच वेळ काही झालं नाही. मग पोलादाच्या कडेने गवतासारखा फिका पिवळा रंग उमटला आणि सरकू लागला. त्याच्या मागून तपकिरी आला, त्याच्या मागून जांभळा, आणि जांभळ्याच्या पाठीमागे मोराच्या मानेचा निळा. कोणी रंगवत नव्हतं. रंग लोखंडाच्या आतून वर येत होते आणि एकामागून एक पट्टीभर चालत जात होते.

प्रमिलाबाईंना श्वास घेण्याचं भान राहिलं नाही. पुस्तकातल्या कुठल्याच पानावर हे नव्हतं, आणि असतं तरी त्यांचा विश्वास बसला नसता.

निळा रंग सरून राखाडी छटा येऊ लागली, तशी वीराचारीने एक सुकी काडी पट्टीवर ओढली. काडीच्या टोकाला बारीक ठिणग्या चमकल्या, पट्टी हवी तेवढी तापल्याची ती खूण.

"हौ," तो स्वतःशीच म्हणाला आणि पट्टी बाजूला वाळूत ठेवली. दुसरी उचलली. साही पट्ट्यांना तेच केलं. एकदाही घाई केली नाही, एकदाही मान वर केली नाही.

सोमवारी नवे पाटे बसवलेल्या लॉरीतून प्रमिलाबाई स्वतः निघाल्या. हिमायतनगरला सरोजच्या दारी मल्लय्याने लॉरी उभी केली. सरोजची आई दारातच होती, चेहरा घट्ट. "एक दिवस बघा," बाई तिला म्हणाल्या. "मी तिच्याशेजारी बसते. दुखलं तर मीच तिला टांग्याने परत आणून सोडीन, आणि पुन्हा विषय काढणार नाही." आईने मुलीचा हात सोडला.

नारायणगुड्याच्या पुढे खडी उखडलेला रस्ता लागला. प्रमिलाबाईंनी बाकाची कड धरून ठेवली. लॉरी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, जणू नावेत बसल्यासारखं. दणका आलाच नाही. त्यांनी सरोजकडे पाहिलं. तिने ओठ दाबले होते. खडीचा तुकडा संपला तरी ती तशीच बसली होती, पुढच्या धक्क्याची वाट बघत. मग हळूहळू तिचे ओठ सुटले.

"संपला रस्ता?" तिने विचारलं.

"संपला."

सरोजने पडद्याची कड बाजूला करून बाहेर बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

शाळेच्या फाटकात मुली उतरू लागल्या तशा प्रमिलाबाई लॉरीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसल्या. प्रत्येक मुलीच्या उतरण्याबरोबर कमान वर येत होती. थोराड मुलगी असली की जास्त, बारकी असली की सुताएवढी. एकीलाही ती विसरत नव्हती. बाईंनी मुलींना वर्गात जाऊ दिलं नाही. त्या दिवशीचा पहिला तास फाटकातच झाला. पाच-पाच मुली मातीत ओणव्या होऊन लॉरीखाली बघत होत्या, बाकीच्या पाळीपाळीने आत चढत-उतरत होत्या, आणि गलका असा नव्हताच, देवळात असतो तसा सगळा दबका आवाज.

सरोजला वाकता येत नव्हतं, म्हणून ती आतच बसून होती, हात बाकावर पसरून, डोळे मिटून.

"बाई," ती आतून म्हणाली, "आत्ता दोघी चढल्या. आणि त्यातली एक लहान आहे."

प्रमिलाबाईंनी मागच्या पायरीकडे पाहिलं. दोघी चढल्या होत्या. त्यातली एक पहिल्या इयत्तेतली होती.