मायेचे पन्नास ग्रॅम

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता बोलायचाही कंटाळा येतो. माझा जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते लहान मुलांच्या दवाखान्यात. हजारो बाळं माझ्या पाळण्यात रडली, कित्येकांनी मला भिजवलं. मी चकार शब्द काढला नाही.

मध्यंतरी माझी स्प्रिंग गंजली आणि मी पन्नास ग्रॅम कमी दाखवू लागलो. सिस्टर तेवढे मनातल्या मनात मिळवून लिहीत. पुढे मिस्त्रीने स्प्रिंग बदलली, पण सिस्टरांची सवय काही बदलली नाही. एकदा नाव खराब झालं की झालं.

मग ती आली. जेमतेम महिन्याची पोर, सोबत तिची आई आणि आजी. सुनेचं दूधच पुरत नाही, असं आजीचं ठाम मत. सून बिचारी मान खाली घालून उभी. तीन आठवडे दर खेपेला माझा काटा त्याच आकड्यावर थांबला. सिस्टर कनवाळू. सुनेचा चेहरा बघून त्यांनी पन्नासाचे शंभर केले, मग दीडशे, आणि काटाच म्हातारा झालाय म्हणत मला एक धपाटा घातला. खरं बोलून मार खाण्याचा मला फार शीण आला होता.

चौथ्या खेपेला सून हळूच म्हणाली, "सिस्टर, ही दोन घोट पिते आणि घामाघूम होते. मग दमून झोपते."

सिस्टरांचा हात थबकला. त्यांनी चहाच्या कपाटातलं साखरेचं न फोडलेलं किलोचं पाकीट आणून माझ्यावर ठेवलं. बरोब्बर एक किलो.

"काटा बरोबर आहे. चुकले मी," त्या म्हणाल्या आणि बाळाला घेऊन तडक डॉक्टरबाईंकडे गेल्या.

बाळाच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. डॉक्टरबाईंनी समजावलं, "दूध कमी नाही, आजी. एकेक घोट म्हणजे हिला डोंगर चढणं आहे." आजींनी सुनेच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं म्हणे. इकडे आकडे दाखवणारा नवा काटा आला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. एकदा नव्याची बॅटरी संपली, म्हणून मला खाली काढलं. छातीवर बारीक व्रण असलेली एक गुबगुबीत मुलगी माझ्यात बसली. माझी हाडं करकरली, पण बरं वाटलं.

"थोडं जास्त लिहा की," आजी हसून म्हणाल्या.

"नाही आजी. तो म्हणतो तेवढंच."

मित्रांनो, मला खुशाल परत कपाटावर ठेवा. फक्त दूध पिताना दमणारं बाळ आलं, तर आधी त्याच्या आईचं ऐका, आणि मग माझं.