देवीचा कौल आणि उकडलेले जव

घटस्थापनेच्या सकाळी नेपाळच्या डोंगरातल्या आमच्या सिमलचौरात देवीच्या ठाण्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. साठ घरांतल्या बायका पानांचे द्रोण घेऊन रांगेत उभ्या, पुरुष कडेनं हात जोडून, आणि पिंपळाच्या पारावर हर्कबाबा. मंतरलेले जव वाटणं चाललं होतं.

दशैं म्हणजे आमचा दसरा, तो जमऱ्याशिवाय होत नाही. जव घटातल्या वाळूत पेरायचे, अंधाऱ्या खोलीत झाकून वाढवायचे आणि दशमीला थोरांच्या हातचा टिका कपाळी लावून ते पिवळे कोंब, म्हणजेच जमरा, कानावर खोचायचे. पूर्वी जो तो घरचे जव पेरायचा. हर्कबाबा आला आणि घरचे जव एकाएकी अपवित्र झाले.

"माझ्या जवात देवी निजलेली आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणायचा. "पुण्यवंताच्या घरी ती उठून उभी राहते. ज्या घरात बोक्सी असेल, तिथे डोळासुद्धा उघडत नाही."

बोक्सी म्हणजे चेटकीण. देवीला निजवायला-उठवायला हा बाबा ठेवलेला! पूर्वी हाच गडी बुटवलच्या बसच्या दारात लोंबकळून प्रवाशांना हाका मारायचा. आवाज अजून तोच आहे, फक्त आता लोक बसमध्ये चढण्याऐवजी पाया पडतात.

मी यमकला घर्ती, इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. मला चमत्कारांचा राग आहेच, पण या माणसाचा राग निराळा होता.

गेल्या दशैंला एकाच घरात जव उगवले नाहीत, माझ्या आत्याच्या. त्याआधी महिनाभर बाबा तिचं रस्त्यालगतचं शेत कुटीसाठी मागत होता आणि ती नाही म्हणत होती. सातव्या दिवशी, फुलपातीला, बाबा सगळ्यांचे घट देवीच्या अंगणात उघडून बघतो; तिथेच तिला केसांना धरून ओढलं. अंगाची आग करणाऱ्या सिस्नूच्या फांद्यांनी झोडपलं. तोंडात विष्ठा कोंबली. मी तेव्हा प्रशिक्षणासाठी पोखऱ्याला होते. परत आले तेव्हा ती तानसेन शहराच्या बाजारात एका नातेवाइकाच्या ओसरीत पडलेली होती आणि तिच्या शेतात बाबाची कुटी उभी राहत होती.

माघात ती गेली. जाण्याआधी पदराची गाठ सोडून तिनं मूठभर जव माझ्या हातावर ठेवले. पेरून उरलेले.

"यमा, मी रोज पाणी घातलं गं," ती म्हणाली. "माझं काय चुकलं ते तू बघ."

मी एक दाणा दाताखाली फोडला आणि काय ते कळलं. तेव्हाच पोलिसांकडे गेले असते तर चाललं असतं. गेले नाही. मला तो गावासमोर उघडा पडायला हवा होता, तिला ओढलं त्याच अंगणात. त्यासाठी मी पुढचे आठ महिने दात-ओठ खाऊन गप्प बसले.

या वर्षी त्याची नजर दिलसरी दिदीच्या शेतावर होती. दिदी एकटी, विधवा, आणि जमिनीच्या बाबतीत आत्यासारखीच हट्टी. घटस्थापनेला पहाट फुटल्यावर बाबा वाजतगाजत झऱ्यावर नहायला निघाला आणि सगळं गाव त्याच्या मागे गेलं. तेवढ्यात मी पाठीवर टोपली घेऊन कुटीत शिरले. एक मोठं पोतं होतं, आणि खुंटीवर एक छोटी लाल थैली. माझं काम उरकायला फार वेळ लागला नाही.

मग रांगेत उभी राहून बघत राहिले. मंत्र पुटपुटून सगळ्यांना पोत्यातले जव. बाबानं स्वतःचा घटही त्यातूनच पेरला. दिलसरी दिदीची पाळी आली तेव्हा मात्र हात लाल थैलीत गेला.

चौथ्या दिवसापासून गावात मोठी मजा सुरू झाली. पाणवठ्यावर जी ती दुसरीला विचारायची, तुझा जमरा कसा आहे गं? आणि जी ती सांगायची, छान आलाय, बोटभर झाला. वडाध्यक्षांची, म्हणजे वॉर्डप्रमुखांची, बायको कमला तर म्हणाली, आमचा वीतभर आहे. आणि घागर अर्धीच भरून घाईघाईनं निघाली. मी सगळ्यांना शाबासकी देत होते. मला त्यांची भीती बघून बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

फुलपातीला सगळे घट झाकूनच अंगणात आले. बाबाचा चेहरा उतरलेला होता, पण जीभ शाबूत होती.

"या वर्षी देवीची आज्ञा निराळी आहे," तो म्हणाला. "घट दशमीपर्यंत झाकलेले राहतील. फक्त एकच उघडायचा. दिलसरीचा."

साठ घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोघीतिघींनी सिस्नू आणलंच होतं. दिलसरी दिदीनं आपला घट छातीशी धरला. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "उघड दिदी, मी आहे."

तिनं फडकं काढलं. आत वीतभर उंच, पिवळाधमक जमरा.

मी म्हटलं, "बाबा, आता तुमचा घट."

तो आज्ञा, कोप, सर्वनाश असं काहीतरी बडबडू लागला. मी त्याच्या घटावरचं फडकं ओढलं. नुसती वाळू. मग कमलाच्या घटावरचं ओढलं. वाळू. मग बायकांनी आपापले घट उघडले आणि एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग वडाध्यक्ष डम्बर काका ओरडले, "हाच चेटक्या! यानंच गावाचा जमरा खाल्ला! मारा!"

सिस्नूच्या फांद्या वर झाल्या. बाबा माझ्या पायांशी येऊन पडला. एका क्षणासाठी मी बाजूला सरकलेसुद्धा. दोन फटके त्याच्या पाठीवर पडले आणि ते मला गोड लागले. मग लक्षात आलं की हा चेटक्या ठरला, तर माझी आत्या बोक्सीच राहील.

"थांबा," मी म्हटलं. "हा चेटक्या नाही, चोर आहे. नीट ऐका. पोत्यातले चांगले जव मीच काढून घेतले. त्या जागी घरून उकडून, उन्हात वाळवून आणलेले भरले. या थैलीत उकडलेले होते, तिथे चांगले टाकले. उकडलेली साळ पेरून कधी रोप आलंय का? तसंच हे. यानं गेल्या वर्षी आत्याला जे दिलं, तेच मी तुम्हा सगळ्यांना दिलं."

आत्याच्या गाठीतला एक दाणा मी बाबाच्या तोंडात घातला. "चाव. आणि सांग."

त्यानं चावला. "उकडलेला आहे, मिस," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि मग तानसेनच्या पोलिसांना फोन लावला. बोक्सी म्हणून छळणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा आहे आपल्याकडे. संध्याकाळपर्यंत पोलिस त्याला घेऊन गेले.

गाव माझ्यावर उलटलं ते त्यानंतर. साठ घरांचा दशैं बुडवलास, कमला म्हणाली. मी म्हटलं, बुडाला नाही. आत्याच्या बंद घरात तुम्हाला पुरून उरेल इतका जमरा वाढलाय, त्याच पोत्यातल्या जवांचा. मंत्र उकडलेल्या जवांवर म्हटले, ते उगवले नाहीत. माझ्या जवांवर कोणी काही म्हटलं नाही, ते आले. दशमीला आत्याच्या दारात या, दिलसरी दिदी देईल. पण घेण्याआधी गेल्या फुलपातीला आपण काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं.

दशमीला दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग कमला आली. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मी केस धरले होते," ती म्हणाली.

दिदीनं तिच्या कानावर जमरा खोचला. त्यानंतर एकेक जण येत गेला. कुणी मारलं होतं, कुणी हसलं होतं, बहुतेकांनी घराची दारं लावून घेतली होती. एकूण एकेचाळीस घरं आली. न आलेल्या एकोणीस घरांची नावं मला पाठ आहेत. आणि आले त्यांनाही मी माफ केलेलं नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. कुणी मंतरलेलं काही दिलं तर आधी दाताखाली धरून बघा, आपल्या हातानं पेरून बघा, दुसऱ्याच्या घटाशी ताडून बघा. आणि कुणी एखाद्या बाईला बोक्सी म्हणालं, तर पुरावा मागा, आणि तोवर तिच्या दारात जाऊन उभे राहा. माझ्या आत्याच्या दारात कुणीही उभं राहिलं नव्हतं.