सप्टेंबरचा शेवटचा आठवडा

"वहिनी, हा आठवडा जन्मभर तुमचा! तुमच्या नातवंडांचासुद्धा!" लातूरच्या मंगल कार्यालयात, फुकटच्या पंगतीत ऐकलेला टायवाल्या पोराचा तो गोड आवाज आठ वर्षं झाली तरी चंद्रप्रभाबाईंच्या कानात मधमाशीसारखा घोंघावायचा. मध त्यानं नेला, नांगी यांच्या वाट्याला.

भूकंपाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यांच्या नवऱ्याच्या, अनंतरावांच्या, फिजिक्सच्या शिकवण्या जोरात; गावोगावची पोरं लातुरात खोल्या करून राहायची. सप्टेंबरअखेर चाचणी आटोपली की क्लासला सुट्टी, म्हणून त्यांनी डोंगरावरच्या हॉटेलातली खोली दरसालच्या त्याच आठवड्यापुरती विकत घेतली. तीस सप्टेंबर त्यातच यायचा. त्या तारखेच्या पहाटे बाईंचं माहेर दगडमातीखाली गेलं होतं, आणि त्यात थोरली आक्का. मागं उरलेली माणसं दरवर्षी त्या दिवशी जुन्या गावठाणात जमतात, आपापल्या पडक्या उंबऱ्यावर दिवा लावतात, नैवेद्य ठेवतात. आक्काच्या उंबऱ्यावर कुणी नाही. "त्या गावाचं नाव नको काढू, तुला त्रास होतो," असं अनंतराव एकदा मायेनंच बोलले, आणि बाईंच्या तोंडाला कुलूप बसलं.

यंदा बाईंनी गुडघेदुखी पुढं केली. डोंगर झेपत नाही, आठवडा विकून टाका. गिऱ्हाईकही मिळालं: निलंग्याचे किशनराव. पोरगा क्लासात, आणि म्हाताऱ्या आईबापाला एकदा धुकं दाखवायची हौस. नवरा-बायको आणि किशनराव, तिघं मिळून नांदेडला त्या हॉटेल कंपनीच्या ऑफिसात आले.

"बाहेरच्याला विकता येत नाही, सर," टेबलापलीकडचा साहेब म्हणाला. "फक्त रक्ताच्या नात्यात देता येतो."

"मग मला दत्तक घ्या की, मास्तर!" किशनराव हसले.

अनंतराव हसले नाहीत. "तुम्हीच परत घ्या मग."

"कंपनी परत घेत नाही."

"सोडून दिला तर?"

"सोडता येत नाही, सर. देखभालीचा खर्च दरवर्षी भरायचाच. तुमच्यामागं मुलांनी."

किशनराव ताडकन उठले. "आवो सायेब, माळेगावच्या जत्रंत लंगडं घोडं बी इकतंय! इकायचीच बंदी, ही कसली मालकी? येसण हाय ही, येसण!"

साहेबानं फाईल मिटून बाजूला ठेवली. बाई खुर्ची मागं सारून बाहेर आल्या. पाठोपाठ अनंतराव.

"जाऊ दे," त्यांनी उसासा टाकला. "पैसे भरतोच आहोत, तर आठवडा फुकट कशाला घालवायचा? खालची खोली मागू. तुला तिथलं आवडतंच की."

"न्हाई आवडत!"

रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. बाईंना त्याची पर्वा उरली नव्हती.

"कधीच आवडलं न्हाई! गुडघे धड हायेत माझे, खोटं बोलले मी. आक्का गेली त्या दिवशी दरसाल तुमच्या शेजारी बसून मक्याची कणसं खाल्ली, अहो! गिळवत नव्हती, तरी गिळली. यंदा मी गावठाणात जाणार. तुम्ही या, नाहीतर राहा त्या खोलीत. मला आक्काला जेवू घालायचंय."