टँकरच्या रांगेतली नववी ब

मी नववी बचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, तेव्हा आमचे मुख्याध्यापक नानासाहेब म्हणाले, "केशवराव, पोरं आधीच वाया चाललीत. तुम्ही आता रीतसर घालवा."

ग्रुप मी काही हौसेनं काढला नव्हता. २०१९चा दुष्काळ होता. शहर पसरत पसरत आमच्या शाळेच्याही पुढे गेलं होतं. प्लॉट विकले गेले, घरं झाली, कमानी उभ्या राहिल्या. नळ मात्र आला नाही. शाळेमागच्या वसाहतीत टँकर यायचा तो नेमका शाळेच्या वेळेला. राजनंदिनीचे आईबाप कामावर, म्हणून ड्रमजवळ उभी राहायची ती. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, आणि हजेरीपटावर नुसती गैरहजर. हजेरी भरली नाही तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही, हे नानासाहेबांचं फर्मान. माझं डोकंच फिरायचं. पोरगी पाणी भरते, सिनेमाला जात नाही! मग मी धडे माझ्या आवाजात ग्रुपवर टाकू लागलो. घरचा फोन तिच्याकडे असायचा, त्यावर ती रांगेत ऐकायची.

अशात तपासणीचे साहेब आले. नानासाहेबांनी भर वर्गात तक्रार केली, "साहेब, हे मोबाइलवर शिकवतात. बंद करा म्हटलं तर ऐकत नाहीत."

"बंद करायचं की नाही ते बघू," साहेब म्हणाले. "आधी दाखवा तर."

राजनंदिनी त्या दिवशीही टँकरवरच होती. मी ग्रुपवर तिलाच विचारलं: जायकवाडी धरणाच्या पाण्याची उन्हाळ्यात वाफ कशामुळे होते? तीन कारणं सांग. फोन टेबलावर ठेवला आणि वाट बघत बसलो. पाच मिनिटं गेली. नानासाहेब मिशीतल्या मिशीत हसत होते.

मग तिचं उत्तर आलं, तेही आवाजात. ओल्या हातांनी टाइप कुठून करणार! मी फोनचा आवाज मोठा केला.

"सर, एक म्हंजे ऊन. दुसरं, धरण लई पसरट हाय, म्हणून... ओ काकू, माझा ड्रम आधी व्हता! नाय, सरकवायचा नाय! ...म्हणून वाफ जास्त व्हती. अन् तिसरं... तिसरं..."

पोरगी अडकली. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात फोनमधून एक म्हातारी खेकसली, "वारं गं, वारं! रोज आमाला ऐकवती अन् ऐन टायमाला इसरती व्हय?" त्यापाठोपाठ सगळी रांग ओरडली, "वारंऽऽ!"

वर्गात हसण्याचा एकच गोंधळ उडाला. साहेबांना तर हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "हजेरीपट आणा. हिला हजर मांडा. आजही, आणि मागे टँकर आला त्या प्रत्येक दिवशीही."

"पण साहेब, ती वर्गात नाही," नानासाहेब म्हणाले.

"मग आत्ता धडा कुणी म्हणून दाखवला?"

नानासाहेबांनी पेन काढलं. राजनंदिनीच्या नावापुढे एकेक 'ह' उमटत गेला. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"केशवराव, ती वाऱ्याची बाई कोण?"

"लक्ष्मीबाई. राजनंदिनीची शेजारीण. साठीची असेल."

नानासाहेब गंभीरपणे म्हणाले, "दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. तिला भरायला सांगा."