दारामागची तिसरी खाट

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. वॉर्डनबाई गेल्याची बातमी वसतिगृहात आली, त्या सकाळी मला दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून उभं केलेलं होतं. माझ्यासारख्या आणखी आठ जणी रांगेत होत्या. कारकुनाने फोन खाली ठेवला आणि जेवणाच्या घंटेजवळ जाऊन उभा राहिला. घंटा मात्र त्याने दिली नाही. तेव्हाच मुलींना कळलं.

मित्रांनो, माझी पहिली पंचवीस वर्षं सरकारी इस्पितळात गेली. तिथे माझ्यावर आलेल्या प्रत्येकाला घरी जायची घाई असे. पुढे इस्पितळ नव्या इमारतीत गेलं आणि मी कोठारात गंजत पडले.

मग सरकारने ठरवलं की शिकणाऱ्या मुलींना जागा कमी पडतात, तेव्हा वर्षभरात वसतिगृहाच्या जागा दीडपट करायच्या. इमारत बांधायला वेळ लागतो, म्हणून दोन खाटांच्या खोलीत तिसरी घालायची. हुकूम चांगला होता. मला घासून रंग दिला आणि इथे आणलं.

मोजणीला आलेल्या साहेबांनी स्वतः टेप धरला. दारामागच्या कोपऱ्यात मी अगदी बरोबर बसत होते. नीट मोजता यावं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं, मला तिथे ठेवून पाहिलं आणि कागदावर खूण केली. निघायला गेले तर दार उघडेना. चोवीसही खोल्यांची दारं आत उघडणारी आहेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"साहेब, जागा वाढली का?" शिपायाने बाहेरून विचारलं.

"वाढली. पण मीच आत राहिलो."

साहेब भला माणूस. मला बाजूला सारून बाहेर आले आणि दारांसाठी वेगळा प्रस्ताव पाठवतो म्हणाले. तो मंजूर होईपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं असतं.

वॉर्डनबाईंना तेवढा धीर नव्हता. यादीत चोवीस मुली ताटकळत होत्या. त्यातली एक रोज अडीच तास बसने येई आणि अडीच तास परत जाई. तिला सगळे बसवाली म्हणत. महिनाअखेरपर्यंत जागा मिळाली नाही तर वडील तिचं नाव कॉलेजातून काढणार होते. आणि खाट खोलीत बसल्याशिवाय जागा देता येत नव्हती.

बाईंचे यजमान सुतार. मुली त्यांना काका म्हणत. बाईंनी त्यांना कामाला लावलं. बिजागऱ्या चौकटीच्या बाहेरच्या कडेला घ्यायच्या, म्हणजे दार व्हरांड्यात उघडेल. नव्या बिजागरीच्या जागी बाईंनी प्रत्येक चौकटीवर पेन्सिलने लिहून ठेवलं. वर 'इथे', खाली 'इथे'.

"चाळीस वर्षं दारं बसवतोय, मला शिकवतेस?"

"शिकवत नाही हो. जेवल्यानंतर तुम्हाला काही आठवत नाही, म्हणून लिहिलं."

पंधरा दारं फिरली. पंधरा मुली राहायला आल्या. मग बाई आजारी पडल्या आणि आठवड्यात गेल्या.

काही दिवसांनी काका हत्यारांची पिशवी घेऊन आले. माझ्या समोरच्या दारापाशी स्टूल मांडलं, पटाशी 'इथे'वर टेकवली आणि तशीच धरून उभे राहिले. बिजागरी बसायला तिथलंच लाकूड कोरावं लागतं. आधीच्या पंधरा चौकटींवरची अक्षरं त्यांनी न बघता कोरून काढली होती. काकांनी पटाशी पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा बसवाली वर आली. माझ्या पायाशी पिशवी ठेवली.

"काका, परवापासून मी येणार नाही. बाईंना सांगायचं होतं, ते तुम्हाला सांगते."

काका स्टूलवरून खाली उतरले.

"घाई करायला नाही आले हं. बाईंनी मला थांब म्हटलं होतं, म्हणून इतके दिवस थांबले."

"काय म्हणाली होती ती?"

"म्हणाल्या, आमचे हे हळू आहेत, पण दार वाकडं बसवत नाहीत."

"हळू म्हणाली?"

"दोनदा म्हणाल्या."

काका खाली बघून हसले. मग बाहीला नाक पुसलं आणि पिशवीतून बारीक करवत काढली. अक्षर शाबूत राहील अशी पातळ ढलपी कापायला त्यांना पूर्ण सकाळ लागली. वरची अख्खी निघाली. खालची मोडली. दोन्ही त्यांनी खिशात ठेवल्या. संध्याकाळी दार फिरलं.

आता मी त्या दारामागे आहे. बसवाली माझ्यावर पुस्तकं पसरून बसते आणि तिला कुठेही जायची घाई नसते. मित्रांनो, तुम्हाला कुठे खोली मिळाली तर तिचं दार आपटू नका. बिजागरीला कधीतरी तेलाचा थेंब द्या. ते दार कुणीतरी तुमच्यासाठी बसवलेलं असतं.

काका अजून रोज येत नाहीत. व्हरांड्यात आठ खाटा उभ्या आहेत. आठ दारं आतच उघडतात.